पुणे ते कोल्हापूर पायी, खिशात सीपीकेच्या चिठ्ठ्या

परत येऊन महिना होत आला. बऱ्याच जणांनी विचारलं की रस्ता कसा होता, राहिलात कुठे, पैशांचं काय केलं, सगळं एकदा नीट लिही, म्हणून बसलेय लिहायला. जरा लांबेल, पण ज्यांना असं काही करायचंय त्यांच्या उपयोगाचं बरंच आहे यात, त्यामुळे मधल्या टिपा सोडू नका.

आधी कशासाठी चालले ते. माझ्या लेकाला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, आम्ही पालक आपसात डीएमडीच म्हणतो. स्नायूंच्या पेशी शाबूत ठेवणारं डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन अंगात तयार होत नाही, मग प्रत्येक हालचालीत स्नायू थोडा थोडा झिजत जातो, आधी मांड्या-कंबर, मग हात, पुढे श्वास आणि हृदय. याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं म्हणून आजार जवळजवळ सगळा मुलग्यांनाच, साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एक. माझा लेक बारा वर्षांचा आहे, दोन वर्षांपासून व्हीलचेअरवर.

चालण्यामागे दोन कामं होती. एक म्हणजे आमच्या पालकांच्या ट्रस्टसाठी पैसे जमवायचे, ज्यातून गरजू घरांना रात्री घालायचे स्प्लिंट, फिजिओ आणि जनुकीय तपासणीचा खर्च देता येईल. आणि दुसरं काम माझ्यासाठी जास्त मोठं होतं, ते म्हणजे चिठ्ठी. पोस्टकार्डाएवढा कागद, त्यावर चारच ओळी: मुलगा तीन वर्षांचा झाला तरी सारखा पडतो का, जमिनीवरून उठताना गुडघ्यावर-मांडीवर हात टेकवत टेकवत उठतो का, जिना चढताना कठडा धरतो का, पोटऱ्या जाड आणि कडक आहेत का? असेल तर रक्तातली सीपीके तपासणी करून घ्या. बास. सीपीके म्हणजे स्नायू झिजला की रक्तात वाढणारं एन्झाइम, त्याची तपासणी काही शे रुपयांत तालुक्याच्या लॅबमध्ये होते. आमच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं. एका दवाखान्यात लेकाचे एसजीओटी-एसजीपीटी वाढलेले आले आणि वर्षभर लिव्हरची औषधं चालली. ही दोन्ही एन्झाइम्स स्नायूतूनसुद्धा रक्तात येतात, तेव्हा सीपीके एकदा केली असती तर त्याच दिवशी कळलं असतं. हे वर्ष गेलं ते मला अजून सलतं, म्हणून या चिठ्ठ्या.

बरोबर माझी नणंद (मी ताईच म्हणते तिला) अर्धा रस्ता चालणार आणि धाकटे भावोजी व्हॅन चालवणार असं ठरलं. नवरा घरी, कारण लेकाची रात्री तीन-चार वेळा कूस बदलून द्यावी लागते, ते आम्हा दोघांशिवाय कुणाला जमत नाही. फेब्रुवारीचा शेवटचा दिवस जगभर रेअर डिसीज डे म्हणून पाळतात, त्या दिवशी कोल्हापुरात पोचायचं असा हिशोब धरला. कोल्हापूर माझं माहेर.

कात्रज ते खेड शिवापूर

पहाटे कात्रज चौकातून निघालो तेव्हा चांगलीच थंडी होती, कानटोपी घालून चालत होते. नवीन बोगद्याच्या बाजूने पायी जाण्यात काही अर्थ नाही, आम्ही जुना कात्रज घाट धरला, भिलारेवाडीवरून वर, जुन्या बोगद्यातून पलीकडे आणि खाली शिंदेवाडीला हायवेला लागलो. व्यायामाला येणारी बरीच मंडळी घाटात असतात, त्यातल्या एका काकांनी टीशर्टवरचं वाचून विचारलं, मग ते बोगद्यापर्यंत सोबतच आले आणि जाताना म्हणाले, माझ्या सुनेला शाळा आहे, पन्नास चिठ्ठ्या द्या. पहिल्या तासात पन्नास गेल्या म्हणजे छापलेल्या पुरणार नाहीत हे तिथेच कळलं.

लेकाने घरी बसून आमचा नकाशा केला होता. त्याला नद्यांचं भारी वेड. त्याने सांगून ठेवलेलं की आई, प्रत्येक नदीच्या पुलावर थांबायचं आणि फोटो पाठवायचा, पाणी दिसलं पाहिजे, नुसता बोर्ड चालणार नाही. रोज रात्री आठला फोन यायचा, लाइव्ह लोकेशन बघून तो मलाच सांगायचा की आज तू कुठे अर्धा तास थांबलीस आणि का.

टिप: संध्याकाळी चालू नका. पहाटे पाचला निघायचं, साडेदहा-अकराला थांबायचं, फार तर ऊन उतरल्यावर तासभर. फेब्रुवारीत पहाटे स्वेटर लागतो आणि अकराला डांबर भाजतं. चमकणारी जॅकेटं प्रत्येकाला हवीतच, आणि जिथे सर्व्हिस रोड आहे तिथे हायवेवर पाय ठेवू नका.

कापूरहोळवरून शिरवळ

चेलाडी फाटा, कापूरहोळ, किकवी. या पट्ट्यात हॉटेलंच हॉटेलं, त्यामुळे खाण्याचे हाल नाहीत. कापूरहोळच्या पुढे एका शेतात हरभऱ्याचा घाटा भाजत बसलेल्या आजी होत्या, त्यांनी हाकच मारली, "ये बाई, कुठली दिंडी म्हणायची ही?" मी सांगितलं, आजी दिंडी नाही, पोराच्या आजारासाठी चाललेय. त्यांनी ओंजळभर हुळा हातात दिला आणि पोराला काय होतंय ते नीट विचारून घेतलं, मग म्हणाल्या, आमच्या भावकीतली दोन पोरं अशीच गेली, बसली ती उठलीच नाहीत, लोक म्हणायचे करणी केली. दोघं मावसभाऊ होते. सख्ख्या बहिणींची मुलं. मी त्यांना समजावलं की ही करणी नाही, हे आईकडून येऊ शकतं आणि त्यात आईचा काडीचा दोष नसतो. आजी बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, त्यातल्या एकीला सासरच्यांनी नांदवली नाही गं.

ही गोष्ट मला पुढे गावोगाव ऐकायला मिळाली, माणसं बदलली तरी गोष्ट तीच. म्हणून इथे स्पष्ट लिहिते. साधारण दोन तृतीयांश मुलांमध्ये जनुकातला हा बदल आईकडून आलेला असतो, उरलेल्या एक तृतीयांशात तो त्या मुलातच नव्याने झालेला असतो, आई-बाप दोघांच्याही घराण्यात काही नसताना. आई वाहक असेल, म्हणजे तिच्यात बदललेलं जनुक असेल पण बहुधा तिला स्वतःला आजार नसेल, तर प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची शक्यता निम्मी आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी. मी वाहक आहे. मला कळल्यावर माझ्या धाकट्या बहिणीची तपासणी केली, ती नाहीये. एवढं कळणंसुद्धा किती मोठं असतं ते तिला विचारा.

सारोळ्याच्या पुढे नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा. फोटो गेला, लगेच उत्तर आलं, "पाणी कमी आहे."

शिरवळला एका शाळेत परवानगी आधीच घेतली होती. मुख्याध्यापक बाईंनी सगळ्या शिक्षकांना मधल्या सुट्टीत बसवलं. बारावीची बोर्डाची परीक्षा सुरू झालेली, पहारे वगैरे गडबडीत होत्या सगळ्याजणी, तरी वीस मिनिटं दिली. मी जमिनीवर बसून उठून दाखवते नेहमी, आधी चवड्या-गुडघ्यांवर, मग ढुंगण वर, मग हात गुडघ्यावर, मग मांडीवर, असं स्वतःच्याच अंगावर चढत उठणं. याला गॉवर्स साइन म्हणतात. दाखवून झालं आणि पहिलीच्या बाई एकदम म्हणाल्या, "अहो, आमच्या वर्गातला एक असाच उठतो." खोलीत शांतता. त्यांना वाटायचं तो आळशी आहे, प्रार्थनेला सगळ्यात शेवटी उभा राहतो म्हणून त्यांनी त्याला एकदा रागावलंही होतं. त्यांच्या डोळ्यात पाणी आलं. दुपारी त्याच्या आईला बोलावून घेतलं, ती तिथल्याच एका कंपनीत पॅकिंगला, शिफ्ट संपवून आली. मी तिला आजाराचं नाव सांगितलं नाही, कारण मी डॉक्टर नाही, फक्त तपासणी करून घे म्हटलं आणि माझा नंबर दिला. या मुलाबद्दल पुढे येईल.

खंबाटकी

हा टप्पा मी सगळ्यात जास्त घाबरले होते. पुण्याहून साताऱ्याकडे जाणाऱ्या गाड्या घाटातून वर चढतात आणि साताऱ्याहून येणाऱ्या बोगद्यातून, म्हणजे घाट एकेरी. एरवी मी रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल अशी चालते. इथे तसं जमतच नाही, सगळं पाठीमागून येतं. आदल्या दिवशी खंडाळ्याला पोलिसांना भेटलो, त्यांनी सांगितलं उजाडल्यावरच चढा आणि व्हॅन मागे ठेवा, ब्लिंकर चालू ठेवून. दोन हवालदार स्वतःहून वळणावर येऊन उभे राहिले होते, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे.

पण घाट काय सुंदर होता. काटेसावर नुसती लालगुलाबी फुललेली, एक पान नाही झाडावर. उसाचे ट्रक पहिल्या गिअरमध्ये घुमत चढत होते, आमच्याच वेगाने, त्यामुळे एका ड्रायव्हरशी चालता चालता गप्पा झाल्या! तो बीडकडचा. "ताई कुठवर?" कोल्हापूर म्हटल्यावर त्याने क्लीनरला सांगून दोन उसाची कांडकी खाली टाकली. वर खामजाईच्या देवळापाशी थोडं बसलो. ताईचे गुडघे धरले होते, ती तिथून व्हॅनमध्ये बसली आणि मी उतरून सुरूरला आले. वाईच्या बाजूने स्ट्रॉबेरी घेऊन विकायला बसलेल्या पोरी होत्या, एक बॉक्स घेतला, तो सावलीत बसून तिथेच संपवला.

टिप: पायाची काळजी. सुती मोजे अजिबात नकोत, घाम धरून ठेवतात आणि फोड आणतात. सिंथेटिक पातळ मोजा आत आणि जाड बाहेर, पहाटे बोटांच्या मध्ये पेट्रोलियम जेली, दर दोन तासांनी बूट काढून पाय वाऱ्यावर. बूट एक नंबर मोठे घ्या कारण दुपारपर्यंत पाय सुजतात. उतारावर नखं मारतात, नखं आधीच बारीक कापा. फोड आला तर त्यावरची कातडी काढू नका.

भुईंज, सातारा

भुईंजजवळ कृष्णा आली, आणि इथे मात्र पाणी बघून मी स्वतःच वीस मिनिटं पुलाजवळ रेंगाळले. धुकं होतं नदीवर. लेकाला व्हिडिओ कॉल लावला, तो शाळेला निघायच्या तयारीत, बाबा त्याला बूट घालत होता. त्याने नीट बघितलं आणि म्हणाला, आई, ही तुला परत परत भेटत राहणार, साताऱ्यात वेण्णा, पुढे उरमोडी, तारळी, कोयना सगळ्या हिलाच मिळतात. पाचवड, उडतारे करत वाढे फाट्याला वेण्णा ओलांडली आणि सातारा आलं.

साताऱ्यात एक पूर्ण दिवस थांबलो. विश्रांती म्हणून ठरवलेला, पण स्थानिक फिजिओथेरपिस्ट मुलामुलींनी एक छोटी बैठक ठेवली होती, आठ-दहा घरं आली, सगळी डीएमडीची नव्हती, कुणाचं एसएमए (स्नायू दुबळे करणारा दुसरा एक जनुकीय आजार), कुणाचं निदानच झालेलं नाही. मी बोलण्यापेक्षा ऐकलंच जास्त. एक बाबा कोरेगावकडून मुलाला मोटारसायकलवर मध्ये बसवून, दोघांच्या कंबरेला ओढणी बांधून घेऊन आले होते. मुलगा मान सावरू शकत नव्हता, मागे त्याची आत्या बसून मान धरून. एवढ्या लांबून. व्हीलचेअर होती त्यांच्याकडे, पण घराच्या दारातून बाहेर निघत नाही इतकी रुंद.

सगळ्यांना जे सांगितलं ते इथेही लिहून ठेवते, कुणाला तरी लागेल. स्टेरॉइड (प्रेडनिसोलोन किंवा डिफ्लाझाकॉर्ट) डॉक्टर सुरू करतात, त्याने आजार बरा होत नाही पण मुलं साधारण दोन-तीन वर्षं जास्त चालतात, आणि हे औषध स्वतःच्या मनाने एकदम कधीही बंद करू नका, जिवावर बेतू शकतं. औषध गावात मिळालं नाही, यात्रेला गेलो आणि विसरलो, असं चालत नाही. हृदयाची तपासणी वर्षातून एकदा, त्रास दिसत नसला तरी. कसलंही ऑपरेशन असेल, अगदी दाताचं, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी आजार सांगा, भुलेची काही औषधं या मुलांना चालत नाहीत. आणि अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड काढाच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफी नावानिशी आहे, त्यामुळे "हे यात बसत नाही" असं कुणी सांगितलं तर ऐकून परत येऊ नका.

निघताना एका आजोबांनी कंदी पेढ्यांचा बॉक्स दिला, अट घातली की कोल्हापूरपर्यंत फोडायचा नाही. अतीतला पोचायच्या आत भावोजींनी फोडला.

अतीत, उंब्रज

हा सगळा उसाचा मुलूख, साखर कारखाने जोरात. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, बैलगाड्यांची रांग. धूळ आणि मळीचा वास. सर्व्हिस रोड सलग नाही, मध्येच संपतो, त्यामुळे दिवसभर लक्ष ठेवून चालावं लागतं. दुपारी ऊन एवढं तापलं की ओआरएसच्या पाच पिशव्या संपल्या.

अतीतच्या अलीकडे ऊसतोडीच्या कोप्यांपाशी पाणी मागायला थांबले. तिथली एक बाई माझ्याच वयाची असेल, भाकरी थापत होती, तिने पाणी दिलं आणि भाकरीवर ठेचा ठेवून समोर केला, नाही म्हणायची सोयच नव्हती. तिला चिठ्ठी दिली तर म्हणाली वाचता येत नाही. मी तिथेच मातीत बसून उठून दाखवलं. कोप्यांवरची पाच-सहा पोरं गोळा झाली आणि सगळी तसं उठायची नक्कल करू लागली, सगळी धडधाकट, देवाची कृपा. पण तेव्हापासून मी चिठ्ठीवर चित्र हवं हे धरून बसले, त्याच रात्री लेकानेच काढून पाठवलं, उठण्याच्या पाच पायऱ्या, काठीमाणूस काढून. कराडला नवीन चिठ्ठ्या त्या चित्रासकट छापल्या. चित्र अगदी अचूक होतं. कुठला हात आधी टेकतो ते त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार.

उंब्रजला तारळीच्या पुलावर फोटो, आणि रात्री एका ओळखीच्या घरी मुक्काम. पिठलं, भात, ताक. मी नेहमीप्रमाणे रात्री दोनला जागी झाले, कूस बदलायची वेळ, आणि शेजारी कुणी नाही. मग झोप लागली नाही.

कराड

कराडला शिरवळच्या त्या मुलाचा रिपोर्ट आला. आईने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला होता, खाली काहीच लिहिलं नव्हतं. सीपीके चौदा हजारांच्या वर. साधारण दोनशेच्या आत असायला हवी. मी कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर बसले होते, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी, सुट्टीचा दिवस असल्याने लहान पोरं गवतावर पळत होती. मी फोन केला. ती आधी काही बोललीच नाही आणि मग म्हणाली, "ताई, तुम्ही आला नसता तर बरं झालं असतं."

मला उत्तर देता आलं नाही. खरंच सांगते, त्या संध्याकाळी मला पुढे चालावंसंच वाटेना. आपण दारोदार जाऊन काय वाटतोय, लोकांच्या घरात ही बातमीच ना? ताई माझ्या शेजारी बसून होती, तिने पाय दाबून दिले, पण ती काही बोलली नाही ते बरं केलं.

रात्री लेकाच्या फोनवर मी नीट बोलत नव्हते, त्याने ओळखलं. त्याला थोडक्यात सांगितलं. तो म्हणाला, "त्याला आता बाई ओरडणार नाहीत ना?" नाही ओरडणार, म्हटलं. "मग बरं झालं." एवढंच बोलून तो कोयनेच्या फोटोवर घसरला, आधीच्या फोटोत पाणी कमी आणि झाडं जास्त होती म्हणून दुसरा मागितला.

दोन दिवसांनी शिरवळहून परत फोन आला, मी तेव्हा कासेगावच्या पुढे होते. रडून रडून आवाज बसलेला होता, पण प्रश्न सगळे मुद्द्याचे. कुठल्या डॉक्टरांकडे जाऊ, खर्च किती, आणि माझ्या धाकट्या बहिणीला दिवस गेलेत, आठवा आठवडा आहे, तिचं काय. यासाठी, फक्त यासाठीसुद्धा ती चिठ्ठी वाटण्यासारखी आहे. आधी मुलाची जनुकीय तपासणी लागते, एमएलपीए नावाची, बहुतेक मुलांत त्यातच बदल सापडतो, नाही सापडला तर पुढचं सिक्वेन्सिंग, म्हणजे अख्खं जनुक वाचून बघणं. तो बदल कळला की आईची आणि मावशीची त्याच जागी तपासणी होते, आणि मावशी वाहक निघाली तर गर्भाची तपासणी साधारण ११ ते १३ आठवड्यांत करता येते. वेळ फार कमी असतो. ट्रस्टमधून त्याच आठवड्यात मुलाच्या तपासणीचे पैसे दिले, चालण्यातून जमलेल्या पैशांतला हा पहिला खर्च.

लोक नेहमी विचारतात की याच्यावर औषधच नाही का. अमेरिकेत २०२३ मध्ये एका जीन थेरपीला मान्यता मिळाली, किंमत ३२ लाख डॉलर. २०२५ मध्ये चालू न शकणाऱ्या दोन मुलांचा ती घेतल्यावर यकृत निकामी होऊन मृत्यू झाला आणि अशा मुलांसाठी तिचा पुरवठा थांबवला गेला. माझा लेक त्याच गटात मोडतो. म्हणून कुणी कोट्यवधींचं आवाहन फॉरवर्ड करतं तेव्हा मी कुणाला नावं ठेवत नाही, त्या आईबापांच्या जागी मी असते, पण गावातल्या माणसाने शंभर रुपये दिले तर ते स्प्लिंट, फिजिओ आणि तपासणीलाच जावेत असं मला मनापासून वाटतं. सरकारी मदतीचं म्हणाल तर २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात ५० लाखांपर्यंतची तरतूद आहे, पण ती ठरवून दिलेल्या केंद्रांमार्फतच मिळते, मुंबईचं केईएम त्यातलं एक. नाव तिथे नोंदवून ठेवा.

पेठ नाका, किणी

नेर्ले, पेठ नाका, कामेरी. रस्ता सपाट, दोन्ही बाजूला ऊस आणि मध्ये मध्ये गुऱ्हाळं. एका गुऱ्हाळावर काहिलीतला रस उकळत होता, गुळव्या म्हणाला "बसा की वो ताई, वाईच थांबा, गरम गूळ खाऊन जावा." पळसाच्या पानावर गरम गूळ आणि शेंगदाणे, आणि बाटलीत भरून काकवी दिली, पैसे घेतले नाहीत. उलट गुऱ्हाळावरच्या आठ माणसांनी मिळून पाचशे रुपये डब्यात टाकले. मी पावती फाडली आठ जणांच्या नावाने, त्यांना गंमत वाटली.

वारणा ओलांडली की कोल्हापूर जिल्हा, किणीचा टोलनाका, आणि माझ्या चालण्यात आपोआप जोर आला.

टिप, पैशांबद्दल: वैयक्तिक खात्याचा क्यूआर कोड कधीही लावू नका, कितीही घाई असली तरी. ट्रस्टच्या खात्याचाच लावा. रोख देणाऱ्याला तिथल्या तिथे पावती. ८०जी ची, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत हवी असेल तर पॅन नंबर लागतो आणि दोन हजारांच्या वर रोख दिलेल्या रकमेवर ती मिळत नाही, हे आधीच सांगा. रोज रात्री जमा रक्कम ट्रस्टच्या ग्रुपवर टाकायची, त्याने विश्वास बसतो. आमच्या जेवणाखाण्याचा आणि डिझेलचा खर्च आम्ही स्वतः केला, ते डब्यावरच लिहिलेलं होतं.

शिरोली ते कोल्हापूर

शेवटच्या दिवशी नवरा आणि लेक पुण्याहून गाडीने आले. पंचगंगेच्या पुलाचा फोटो पाठवायची गरज पडली नाही, त्याने गाडीतून स्वतःच बघितली. तावडे हॉटेलपासून तो व्हीलचेअरवर आमच्या पुढे. माहेरची सगळी गल्ली आलेली, दादाने ढोल-ताशा सांगितलेला तो मी फोन करून आधीच रद्द करायला लावला होता, कारण मोठ्या आवाजाचा लेकाला त्रास होतो. तरी एक हलगी वाजलीच. लेक हसत होता.

दुपारी तांबडा-पांढरा, आणि संध्याकाळी दादा आम्हाला तालमीत घेऊन गेला. हे मी मुद्दाम मागितलं होतं. लेक दीड-दोन वर्षांचा असताना माझे वडील त्याच्या पोटऱ्या दाबून सगळ्यांना सांगायचे, नातू पैलवान होणार, पोटरी बघा कशी घोटीव. त्या पोटऱ्या ताकदीच्या नव्हत्या, झिजलेल्या स्नायूच्या जागी चरबी आणि तंतू भरून त्या फुगतात. वडील आता नाहीत. त्यांना कळलं तेव्हा त्यांनी तालमीत जाणं सोडलं होतं.

वस्तादांना हे सांगितलं. लंगोट लावलेली पोरं हौद्याभोवती उभी. वस्ताद म्हणाले, आमच्याकडे आईबाप लहान पोरं घेऊन येत्यात, पोटऱ्या दाखवत्यात, आम्ही पण शाबासकी देतो, कुणाला काय माहीत. मग त्यांनी पोरांना सांगितलं आणि एका पोराने लेकाला उचलून हौद्यातल्या लाल मातीत बसवलं, वस्तादांनी त्याच्या कपाळाला माती लावली. लेकाने मातीत बसून सगळ्यांना समजावलं, मी नाही, त्यानेच, की उठताना आधी काय होतं, मग काय होतं, आणि शेवटी "आता मला उचला, मी उठू शकत नाही" असं सरळ सांगितलं. चिठ्ठी तालमीच्या भिंतीवर लागली, हनुमानाच्या फोटोच्या शेजारी.

आता पुढचं. शिरवळच्या मुलाची एमएलपीए झाली, बदल सापडला, त्याची आई वाहक निघाली, मावशी नाही. मुलाचं स्टेरॉइड डॉक्टरांनी सुरू केलंय आणि शाळेने त्याचा वर्ग पहिल्या मजल्यावरून तळमजल्यावर आणला. कोरेगावच्या त्या मुलासाठी दाराच्या मापाची अरुंद व्हीलचेअर ऑर्डर केली आहे, अजून आलेली नाही. चित्रासकटच्या चिठ्ठीची फाइल ज्याला हवी त्याने मागा, फुकट आहे. छापताना खाली आपल्या तालुक्यातली सीपीके करणारी लॅब आणि जवळच्या बालरोग न्यूरॉलॉजिस्टचा पत्ता तेवढा स्वतः चौकशी करून घाला, आणि अंगणवाडी ताई, आशा ताई, पहिली-दुसरीचे शिक्षक आणि तालमी, यांना आधी द्या.